बाद केलेली सव्वीस मिनिटं

२ मार्च, सोमवार

बायकोनं आज ही वही हातात ठेवली. तिच्या पाळणाघरातली आहे, पहिल्या पानावर कुणीतरी बदक काढलंय, तीन पायांचं. म्हणाली, "अहो, घरी आल्यावर माझ्यावर जी चिडचिड करता ना, ती यात करा. वही उलटून बोलत नाही."

वही कोरी आहे, तेव्हा तिला सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. मी प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, दिवसपाळीचा. बावीस वर्षं झाली. सध्या काम असं: क्युरियमचा पातळ थर लावलेलं एक चाक गरगर फिरतं, त्यावर क्रोमियमच्या अणूंचा मारा करायचा. क्युरियममध्ये शहाण्णव प्रोटॉन, क्रोमियममध्ये चोवीस. दोघं चिकटले तर एकशे वीस. एवढा जड अणू अजून कुणी पाहिलेला नाही. आम्हाला एकच हवाय. एक. रोज अब्जावधींचे अब्जावधी क्रोमियम सोडतो, सात आठवडे झाले, आणि एकही धड चिकटत नाही.

मुदत ३० जून. त्यानंतर हे यंत्र रुग्णालयांसाठी औषधं बनवणाऱ्या गटाकडे जाणार. आमची पाळी पुन्हा दोन वर्षांनी. आमच्या गटाच्या प्रमुख मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, त्यांनी यात अकरा वर्षं घातली आहेत.

आणि माझं बायकोला वचन आहे: एक अणू दिसला की नोकरी सोडतो, तिच्या गावी जाऊ. तिथे सासूबाई एकट्या असतात. मेहुण्याचा कुकरचा कारखाना आहे, त्यात तपासनीस व्हायचं. म्हणजे झाकणं बसतात का ते बघायचं.

बायको दारातून विचारते, "आला का तुमचा पाहुणा?" रोज. एकही दिवस चुकवत नाही.

९ मार्च, सोमवार

काही नाही.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना बायकोनं विचारलं, "एवढा अवघड का हो तो? बाकीचे अणू बसतात ना गुमान?" मी समजावायला बसलो. प्रोटॉन सगळे एकाच विद्युतभाराचे, म्हणून प्रत्येक जण प्रत्येकाला ढकलतो, लांबच्यालाही. त्यांना बांधून ठेवणारं दुसरं एक बळ आहे, ते फार जबरदस्त, पण त्याची पोच फक्त शेजाऱ्यापर्यंत. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. म्हणजे पाळणाघर."

"पाळणाघर कसं?"

"दहा पोरं असली तर एकमेकांचे हात धरून बसवता येतात. पण हात धरायचा तो शेजाऱ्याचाच. आणि रडणं? एकानं भोकाड पसरलं की खोलीभर ऐकू जातं. पोरं वाढवलीत तरी हात दोनच. रडणं मात्र सगळ्यांचं सगळ्यांना. मी वीसच्या वर घेत नाही ते उगीच नाही."

मला हे सांगायला बावीस वर्षांत जमलं नव्हतं. मी म्हटलं, न्यूट्रॉन म्हणून काही असतात, ते धरतात पण ढकलत नाहीत. तिनं लगेच सांगितलं, "झोपलेली पोरं. कितीही असू देत, त्रास नाही. पण सगळीच झोपलेली भरली तर काय होतं माहितीये? त्यातली काही उठून रडायला लागतात."

हेही खरंच आहे. न्यूट्रॉन फार झाले की त्यातला एखादा स्वतःच प्रोटॉन होऊन बसतो. जरा रागच आला, का ते कळलं नाही.

मग मी रांगांचं सांगितलं. अणूच्या आतही ओळी असतात, काही ठरावीक आकड्यांना ओळ पूर्ण भरते आणि तो अणू जरा दम धरतो. एकशे वीसला तशी ओळ भरत असेल असा मॅडमचा होरा आहे. म्हणजे तो अगदीच क्षणात फुटणार नाही.

"किती वेळ टिकेल?"

"सेकंदाचा हजारावा भाग टिकला तरी आम्ही नाचू."

तिनं चादरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "आणि त्याच्यासाठी माझी आई थांबलीये," एवढंच म्हणाली.

२० मार्च, शुक्रवार

पोकळेनं आज मागच्या व्हॅक्यूम पंपाचं बेअरिंग बदललं. हा आमचा पंपांचा मिस्त्री. आडनाव वेगळंच आहे, पण आयुष्य हवा काढण्यात गेलं म्हणून सगळे पोकळे म्हणतात. जुनं बेअरिंग धडधडायचं, झटका बसला की अणूंची चाहूल टिपणाऱ्या डिटेक्टरच्या पट्टीवर खोटी टिंबं उमटायची. पाच-सहा टिंबं, वर एक उंच रेघ. तसं झालं की नोंदीत "पंप, बाद" लिहायचं. तोच शब्द संगणकातही टाइप केला की तो तेवढी मिनिटं उचलून बाजूला टाकतो, पुढे चाळणीकडे जातच नाहीत. चाळणी म्हणजे आकडे चाळणारी मुलगी. हुशार आहे, मला काका म्हणते, त्याचाही मला राग येतो.

पोकळे म्हणाला, "लेका, आता हा पंप गोगलगायीला झोप लागेल असा चालेल. चहा पाज."

पाजला. पाहुणा नाही.

२४ मार्च, मंगळवार

आजचा दिवस वाईट. पोकळे रजेवर, दाढ काढायला गेलाय. सकाळी मी एकटाच कंट्रोल रूममध्ये. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर कपाटात. पावणेबाराच्या आधी फाटकावरच्या माणसानं निरोप आणला, घरून तीनदा फोन आला म्हणून.

नियम असा की जागा सोडायची तर बीम, म्हणजे तो क्रोमियमचा झोत, बंद करायचा. चाक अडकलं आणि मारा एकाच जागी पडत राहिला तर क्युरियम वितळून सगळं यंत्र विटाळेल. पण बीम बंद केला की पुन्हा नीट लागायला दोन तास जातात. म्हटलं दोन मिनिटांत येतो. बंद नाही केला.

बाहेर अंगणात उभा राहून भांडलो. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, हाड मोडलं नव्हतं. बायको म्हणत होती आता पुरे, या महिन्यात राजीनामा द्या. मी म्हणत होतो वचन अणूचं आहे, महिन्याचं नाही. मी तेच तेच बोलत होतो, हे मलाही ऐकू येत होतं.

परत आलो तेव्हा बारा वाजून आठ मिनिटं. सव्वीस मिनिटं! चाक फिरत होतं, देवाची कृपा. पट्टीवर एकाच चौकटीत पाच टिंबं आणि एक उंच रेघ. पंपानं नेमका आत्ताच आचका द्यायचा होता. नोंदीत एवढं मोठं भगदाड ठेवणं शक्य नव्हतं, दर दहा मिनिटांनी आकडे लिहावे लागतात. लिहिलं: "११.४२ ते १२.०८, पंपाचं काम चालू, बाद."

कुणाचं काही बिघडलं नाही. घरी आलो तर बायको झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती.

३ एप्रिल, शुक्रवार

काही नाही. काही नाही. काही नाही.

१८ एप्रिल, शनिवार

मॅडम आज ओरडल्या. त्यांचा आवाज चढला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होतो. मी बीमची ताकद पाव टक्क्यानं कमी ठेवली होती, चाकाची काळजी म्हणून. "तुम्ही काळजी करताय की वेळ काढताय?" असं सगळ्यांसमोर विचारलं.

मग दुपारी स्वतःच डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माफ करा. रोज पहाटे जाग येते आणि वाटतं, आज येऊन गेला असेल आणि आपल्याला कळलंही नसेल." मी म्हटलं, असं कसं होईल, सगळं नोंदलं जातं ना.

इथे खरं लिहायला हरकत नाही. कधीकधी वाटतं, न आलेलाच बरा. आला की झाकणं. न आला तर पुन्हा दोन वर्षांनी पाळी, पुन्हा ही खोली, ही खुर्ची, या यंत्राची घरघर. मला ती घरघर आवडते. हे बायकोला सांगता येत नाही.

६ मे, बुधवार

उकाडा. दोन दिवस यंत्र दुरुस्तीला. बायको म्हणते, "पाहुण्याला पत्ता नीट दिलाय ना?" पूर्वी हसून म्हणायची.

२१ मे, गुरुवार

मॅडमनी वाया गेलेल्या मिनिटांचा हिशेब काढायला लावला. चाळणीनं यादी वाचून दाखवली. नवीन बेअरिंगनंतर पंपापायी एकदाच वेळ गेलाय, चोवीस मार्च, सव्वीस मिनिटं. मॅडम पोकळेकडे वळल्या. "बीम चालू असताना पंपाला हात लावलात? इतकी वर्षं झाली, एवढं कळत नाही?"

पोकळे गोंधळला. "मी? आठवत नाही हो, मॅडम."

"आठवत नाही हे उत्तर आहे का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या दाबमापकाचा काटा बघत होतो. काटा हलत नव्हता. पोकळे म्हणाला, "लावला असेल. चुकलं."

सव्वीस मिनिटांवरून एवढं! सहा महिन्यांत सव्वीस मिनिटं म्हणजे काय? मॅडमना ऊठसूट कुणाला तरी धरायला लागतं. पोकळेला चहाला बोलावलं तर म्हणाला, दाढ दुखते. ती तर त्यानं काढली.

१२ जून, शुक्रवार

आज दुपारी चाळणी धावत आली. "काका, वंशावळ!"

वहीला सांगायला हवं. असा अणू कुणी डोळ्यांनी बघत नाही. तो येऊन डिटेक्टरच्या चकतीत रुततो, ते एक टिंब. मग फुटत जातो, दर वेळी दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा बाहेर फेकतो. आई गेली की लेक, लेकीनंतर नात, मग पणती. प्रत्येकीचं एक टिंब, एकाच जागी, ठरलेल्या जोराचं. शेवटची सरळ मधून दुभंगते, तेव्हा उंच रेघ. लेकी-नाती मोजून आई कोण ते ओळखायचं.

तिच्याकडे दोन टिंबं होती. अर्ध्या तासात कळलं की क्युरियमच्या थराखालच्या पत्र्यात शिशाची भेसळ होती, त्याचा हा कचरा. चाळणी खुर्चीत बसून रडली. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० जून, मंगळवार

पाच वाजता बीम बंद केला. बटण मीच दाबलं. घरघर उतरत उतरत थांबली आणि दिव्यांची बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. ती बावीस वर्षांत कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "चला." त्या एकशे वीस नाही सापडला असं पत्र लिहिणार आहेत.

घरी बायकोनं विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर होतंच. जेवताना म्हणाली, "म्हणजे अजून दोन वर्षं." मी मान हलवली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

३ जुलै, शुक्रवार

सामान आवरत होतो. पोकळे आला, हातात रजेच्या अर्जाची प्रत. टेबलावर ठेवली, पण हात त्यावरच.

"चोवीस मार्च. त्या दिवशी मी दाढेच्या खुर्चीत होतो, तोंडात हातभर पक्कड. आस्थापना विभागातून शोधून आणलं. मी पंपाला हात लावला म्हणून लिहिलंय. कुणी लिहिलंय?"

"मी."

"का?"

सांगितलं. फोन, अंगण, सव्वीस मिनिटं. मला वाटलं तो मारेल. तो म्हणाला, "अरे, मला सांगितलं असतंस तर मी तुझ्यासाठी तसंही चुकलं म्हटलं असतं. न विचारता माझ्या डोक्यावर ठेवलंस, ते लागलं."

मग जाताना दारात थांबला. "पण बाद का लिहिलंस? नुसतं काम चालू लिहायचंस."

"पट्टीवर टिंबं होती. पंपाचा झटका."

"कसला झटका? बेअरिंग त्याच्या चारच दिवस आधी बदललेलं. गोगलगायीची झोप मोडली नाही त्या पंपानं, आजतागायत."

तो गेला. मी खोक्यांच्या मधोमध उभा. घरी येऊन ही वही उघडली. २४ मार्च. माझंच अक्षर. एकाच चौकटीत पाच टिंबं आणि एक उंच रेघ.

रुतल्याचं एक. लेक, नात, पणती, खापरपणती, ही चार. मग दुभंग.

तीन पायांच्या बदकापासून पुन्हा सगळं वाचलं. कितीदा वाचलं तरी पाचच टिंबं.

६ जुलै, सोमवार

शनिवार-रविवार कसे काढले ते लिहीत नाही. सकाळी मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या बसल्या होत्या, तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "ती मिनिटं पुसली जातात का?"

"नाही. बाजूला पडतात. तशीच आहेत."

चाळणीला बोलावलं. तिनं बाद केलेला कप्पा उघडला. आम्ही तिघं एका पडद्यासमोर. अकरा वाजून एक्कावन्न मिनिटांनी रुतलेला. मग पहिली फूट, जोर बरोबर. दुसरी. तिसरी. चौथी. मग दुभंग. खालच्या चारही पिढ्या ओळखीच्या, पुस्तकात आहेत तशाच. वरची आईच फक्त नवी.

"किती टिकला?" मॅडमनी विचारलं.

"सेकंदाचा तीनशेवा भाग," चाळणी म्हणाली. "अंदाजाच्या शंभरपट."

कुणीही नाचलं नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आवाज अजिबात चढला नाही. "तो थांबला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या मानानं खूप थांबला. आणि आपण नव्हतो."

आपण म्हणाल्या. तुम्ही म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग कामाचं बोलल्या. नव्या मूलद्रव्याला मान्यता देणारी परीक्षकांची समिती हे मानणार नाही. अधिकृत नोंद सांगते की त्या वेळी पंपाला हात लागलेला. आता तंत्रज्ञ म्हणतो की ते खोटं होतं, तर खोटं लिहिणाऱ्याचा शब्द का धरायचा? त्याच दिवशी, त्याच वेळी लिहिलेला पुरावा हवा. रजेचा अर्ज आहे. फोन कंपनीची नोंद मिळेल. "आणखी काही?"

मी म्हटलं, "एक वही आहे."

७ जुलै, मंगळवार

बायकोला काल सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघा, माझ्या फोनमुळे. तसं नाही म्हणाली. म्हणाली, "म्हणजे मी भांडत होते तेव्हा तो आत होता?" आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. मग ते हसणं कुठे थांबलं आणि रडणं कुठे लागलं ते सांगता येणार नाही.

"मला साक्ष द्यावी लागेल का? की अमुक मिनिटं मी नवऱ्याला झापत होते?"

"लागेल."

"देईन. सव्वीस मिनिटांत काय काय बोलले तेही सांगेन."

वही तिनं मागितली. मी दिली. तिनं इथेच, या खुर्चीत बसून वाचली. पत्र्यावरचा खिळा वाचून म्हणाली, हे मॅडमच्या हातात जाणार? झाकणं वाचून म्हणाली, माझ्या भावाला दाखवू नका. १८ एप्रिलला आल्यावर थांबली. तिथली ओळ मला पाठ आहे. न आलेलाच बरा.

मी म्हटलं, "समितीत कुणी म्हणेल, यानं मुद्दाम दडवला. नाहीतर म्हणेल, हा माणूस आता भरपाई म्हणून रचतोय. ते एक पान..."

"फाडा की," ती म्हणाली.

मी पान धरलं. मग लक्षात आलं की फाडलं तर शिवणीतलं पलीकडचं जोडपानही सुटणार, आणि पान गेलेली वही म्हणजे कोण विश्वास ठेवील? हात काढला.

"मग राहू दे," ती म्हणाली. "मला ते आधीच ठाऊक होतं. यंत्र बंद असलं की तुम्हाला झोप लागत नाही. एवढी वर्षं कुणाबरोबर काढली मी?" मग म्हणाली, "आईला इथे आणू. पाळणाघरात एक झोपलेलं मूल वाढलं तर काय होतं?"

मी म्हटलं, सासूबाई काही झोपून राहणाऱ्यांतल्या नाहीत. ती म्हणाली, "तेही आहेच."

बाकी, नोकरी बहुधा राहणार नाही. चौकशी लागली आहे. म्हणजे झाकणं येतीलच, की नाही, कोण जाणे. पोकळे आज चहाला आला. बसला नाही, उभ्यानंच प्यायला, पण आला.

उद्या सकाळी ही वही जाईल, बदकासकट. वाचणाऱ्यांनी पहिल्या पानापासून वाचावी, मध्येच नको. मॅडम, खिळ्याबद्दल माफी.

आज यंत्रावर जाऊन अधिकृत नोंदवहीतली ती ओळ दुरुस्त केली. जुनी ओळ वाचता येईल अशीच ठेवली, तसा नियम आहे. तिच्याखाली लिहून सही केली. इथेही लिहितो.

२४ मार्च, ११.४२ ते १२.०८. मी जागेवर नव्हतो. पंपाला कुणीही हात लावला नाही. बीम चालू होता.